शेजारच्या सीटखालची टाकी

मित्रांनो, मला कंप्रेसर म्हणतात. मी जुना आहे, आणि खरे सांगायचे तर नवा म्हणून मी फार थोडे दिवस मिरवलो. एका छोट्या मोटारीत आत बसलेल्यांना गार ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. काचा बंद, आत गाणी चाललेली, आणि मी पुढे बॉनेटखाली इंजिनच्या पट्ट्यावर गरगरत असायचो. मी कोण, कुठे असतो, याची कुणाला फिकीर नव्हती. एक दिवस ती मोटार झाडावर आदळली. माणसे वाचली, मोटार भंगारात गेली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, तसा मी धडधाकट असूनही तिच्याबरोबर गेलो.

भंगाराच्या ढिगात मी दोन वर्षे काढली. तिथे मला दादा भेटला. दादा गाड्यांचा मेकॅनिक. त्याचे खरे नाव मी कधी ऐकले नाही. त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणायचा, म्हणून माझाही तो दादाच. त्याने मला उचलले, माझी चकती बोटाने फिरवली, कान लावला आणि भंगारवाल्याला म्हणाला, "हा अजून जिवंत आहे." माझ्याबद्दल इतके चांगले त्याआधी कुणी बोलले नव्हते.

धाकट्याकडे एक जुना ट्रक होता, चारही चाकांना जोर असलेला. डोंगरापलीकडच्या वस्त्यांना तो पिठाची पोती, औषधे, सिमेंट पोचवायचा. वाटेत कोरड्या नदीचे रुंद पात्र लागे. नुसती वाळू. चाकांतली हवा कमी केली की टायर पसरतात आणि गाडी वाळूवरून अलगद जाते. पण पलीकडे दगडी रस्ता, तिथे पुन्हा हवा भरायला हवी, नाही तर टायरच्या चिंध्या. धाकटा ती हवा हातपंपाने भरायचा. दीड तास लागे, आणि मग त्याचा खांदा रात्रभर ठणकायचा. वाळूवर हवेचे दुकान कोण मांडून बसणार? तयार यंत्र मिळत होते, पण त्याची किंमत ऐकूनच धाकट्याने कानावर हात ठेवले होते. म्हणून दादाने मला आणले.

माझी उभारणी म्हणजे उष्ट्यामाष्ट्याचे जेवण होते म्हणा ना. मला बसवायचा सांगाडा मोडक्या लोखंडी खाटेच्या पायांचा. माझ्या नाकाशी स्कूटरचा एअर फिल्टर. टाकी एका मोडीत निघालेल्या बसची, तिच्या ब्रेकसाठी हवा साठवणारी. ती कुठे बसवावी यावर दोघा भावांचे चार दिवस वाजले. शेवटी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली ती चपखल बसली. सगळे जुने वापरणाऱ्या दादाने एकच वस्तू कोरी करकरीत आणली. हवेचा दाब हाताबाहेर गेला तर आपोआप उघडणारी झडप. धाकटा म्हणाला, "जुनी मिळते की." दादा म्हणाला, "तू या सीटवर कुणाला बसवणार आहेस? मग तिथे काटकसर नको."

सगळे जोडून झाल्यावर दादाने वहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भांडी घासायचा साबण पाण्यात कालवला आणि प्रत्येक सांध्यावर चोपडला. जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "घरातलं एक भांडं कधी घासलं नाहीत, आणि या भंगाराला अंघोळ घालताय!" दादा हसला. तिसऱ्या खेपेला एकही बुडबुडा आला नाही. धाकट्याने बटण दाबले, माझी चकती पट्ट्याला चिकटली, आणि मी आयुष्यात प्रथमच गारव्याऐवजी हवा ढकलली. मोठ्ठी चार चाके चहा गार होण्याच्या आत फुगली. धाकट्याने दादाच्या पाठीत इतक्या जोराने थाप मारली की दादाची टोपी उडाली.

मित्रांनो, ते दिवस माझे होते. नदीकाठी माझ्यापाशी रांग लागायची. ट्रॅक्टरवाले यायचे, सायकलवाले यायचे, वस्तीतली मुले चेंडू घेऊन यायची. "भंगारातला पैलवान" असे मला कुणीतरी नाव ठेवले, आणि मी त्यावर मनातून जरा फुगलोही. फुगणे हे माझे कामच आहे.

माझे चालवणे धाकट्याकडे आणि सांभाळणे दादाकडे, अशी वाटणी होती. मला आठवड्याला चमचाभर तेल लागे. गारव्याच्या कामात तेल गॅसबरोबर आपोआप फिरायचे, हवेच्या कामात ते बाहेरून घालावे लागते. दादाने माझ्या नळीवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले होते, "शनिवारी तेल." दुसरे काम टाकीचे. हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीत पाणी होऊन साचतो. ते काढले नाही तर टाकी आतून गंजते. ट्रक घरी आला की दादा रोज संध्याकाळी सीटखाली हात घालून बारकासा नळ उघडायचा. फुस्स करून घोटभर मळके पाणी खाली पडायचे. वहिनी म्हणायची, "लोकांचे नवरे घरदार वाऱ्यावर सोडतात. आमचे हे वारा टाकीत भरतात आणि पाणी सोडतात." हे काम मात्र दादाने कुठे लिहिले नव्हते. जे आपण रोज हातासरशी करतो, ते लिहून ठेवायचे कुणाला सुचते?

मग एका सकाळी दादा मोरीत पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कान शाबूत, डोळे शाबूत, समज शाबूत. फक्त आतले शब्द बाहेर येईनात. त्याचा हात माझ्यावरून फिरेनासा झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की आपण या माणसाची वाट पाहतो.

नदीपलीकडच्या गावात एक बाई होत्या. अशा आजाऱ्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवायच्या. धाकट्याने ठरवले, दर मंगळवारी दादाला तिकडे न्यायचे. तो त्याला दोन्ही हातांनी उचलून शेजारच्या सीटवर बसवायचा. वाळूशी हवा सोडायची, पलीकडे मी भरायची, येताना पुन्हा तेच. मी इतक्या मनापासून कधी काम केले नसेल. ज्याने मला ढिगातून उचलले, त्याला आता मी नदीपार नेत होतो. तीन महिन्यांनी दादाच्या तोंडून पहिला शब्द आला. तो होता, "हवा." बाईंना त्यात काही विशेष वाटले नाही. धाकटा मात्र परतीच्या वाटेवर गाडी थांबवून रडला.

शनिवारी धाकटा मला तेल घालायचा. लिहिलेलेच होते. पाण्याचे त्याला ठाऊक नव्हते. वहिनी दादाच्या उस्तवारीत बुडालेली, तिला आता ट्रकजवळ यायला सवड नव्हती. टाकी भरत चालली. वळणावर तिच्यात पाणी डचमळायचे. इंजिनच्या आवाजात ते धाकट्याला ऐकू येत नसे. पण दादा तर त्या टाकीवरच बसलेला असायचा, आणि त्याचे मेकॅनिकचे अंग. त्याला ते मांडीखाली जाणवत होते.

तो मंगळवार मी विसरणार नाही. बाईंनी त्या दिवशी सांगितले होते की सुधारणा फार हळू आहे, धीर धरा. परत येताना धाकटा थकला होता. चाकांत हवा भरून तो आत बसला आणि म्हणाला, "दादा, एवढी धडपड चाललीय आपली. तुला काय वाटतं रे? होशील ना बरा?"

दादा उत्तर देत नव्हता. त्याचे लक्ष टाकीकडे होते. त्याचे ओठ कितीतरी वेळ हलले. मग आला तो एक शब्द. "पाणी."

धाकट्याने घाईने बाटली पुढे केली. दादाने ती डाव्या हाताने दूर लोटली. "सोड," तो म्हणाला. "पाणी... सोड." आणि तोच हात त्याने आपल्या लुळ्या मांडीशेजारी, सीटवर, थाप थाप आपटला.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काय बोलतोस दादा? तुझ्यावर पाणी सोडू?"

दादाच्या कानात फक्त 'पाणी सोडू' एवढेच शिरले असावे. त्याने जोरजोराने मान हलवली आणि पुन्हा सीट थोपटली. "सोड... सोड."

"पुरे," धाकटा म्हणाला. "पुरे दादा. कळलं मला."

आणि दादा हसला. इतक्या महिन्यांच्या मेहनतीनंतर आपले बोलणे कुणाला तरी कळले, म्हणून तो हसला. धाकट्याने ते हसू पाहिले आणि त्याला वाटले, सुटका मिळाली म्हणून हा हसतो आहे. मी दोघांच्या पुढ्यात, लोखंडी पत्र्याच्या पलीकडे होतो. मला दोघांचेही कळत होते, आणि माझ्या नशिबी नुसती घरघर.

घरी आल्यावर त्याने वहिनीला एवढेच सांगितले, "वहिनी, दादाला हे आता नको झालंय. त्यानंच सांगितलं. आपण त्याचे हाल करायचे नाहीत." दादा नेमके काय म्हणाला, ते त्याने सांगितले नाही. 'माझ्यावर पाणी सोड' असले शब्द तिच्या कानावर कसे घालायचे? त्याने ते आपल्याच पोटात ठेवले. तिने ते ऐकले असते तर तिला तिथल्या तिथे उलगडा झाला असता.

पुढच्या मंगळवारी दादा धुतलेला सदरा घालून उंबऱ्याशी बसला होता. ट्रक त्याला न घेता गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. तिसऱ्या मंगळवारी त्याने सदरा मागितला नाही. मी सुरू झालो की तो ओठ हलवायचा, मग हळूहळू तेही थांबले. बाईंनी सांगितले होते की जीभ चालती ठेवली नाही तर आलेले शब्दही जातात. तसेच झाले. चार महिने तो माणूस गप्प राहिला, आणि सगळे घर त्याची इच्छा म्हणून त्याला गप्प राहू देत होते. धाकटा रोज त्याचे पाय चेपायचा. प्रेमात काडीचीही कसर नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे. मग दुसरा झटका आला आणि दादा गेला.

त्यानंतर महिनाभराने वाळूच्या पलीकडे टाकी फुसफुसू लागली. गंजाने तिला तळाशी टाचणीएवढे भोक पाडले होते. मी हवा ढकलायचो, ती निघून जायची. धाकट्याने हातपंप काढला आणि दीड तासाने घराकडे वळला. अंगणात त्याने सीट उचलली, टाकी सोडवली आणि उलटी केली. तिच्यातून पाणी आले. लालसर, गंजके, येतच राहिले. अंगणात त्याचा ओहोळ झाला.

वहिनी आतून आली. "अगं बाई, इतकं साचलं? हे तर रोज संध्याकाळी सोडायचे."

"काय सोडायचा दादा?" धाकट्याने विचारले.

"टाकीचं पाणी. तुम्हाला माहीत नाही, भावजी?"

धाकटा टाकीशेजारी बसला, त्या ओल्या मातीतच. मग त्याने वहिनीला तो मंगळवार सांगितला. शब्द न् शब्द, आणि ती सीटवरची थापसुद्धा. ती म्हणाली, "मला विचारायचं होतंत हो." तिने त्याला एवढ्याशिवाय एका शब्दाने दोष दिला नाही, आणि मला वाटते त्यानेच तो अधिक मोडला.

मित्रांनो, आज मी आहे त्याच जागी आहे, खाटेच्या सांगाड्यावर. माझ्यात काही बिघाड नाही. धाकट्याने नवी टाकी बसवली नाही आणि माझा पट्टाही काढून ठेवला. तो चारही चाके हातपंपाने भरतो. वहिनी म्हणाली, "खांदा जाईल तुमचा. चालू करा की ते." तो नको म्हणाला. आपल्याला शिक्षा कुणी देत नाही, म्हणून तो स्वतःच घेतो आहे. शनिवारी मात्र अजूनही मला तेल घालतो आणि नळीवरच्या अक्षरांवरची धूळ बोटाने पुसतो.

तुमच्या घरात यंत्र असेल तर त्याची निगा राखा, आणि ती कशी राखायची ते लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याच्यापाशी थांबा. आपल्याला कळले असे वाटले, तरी आणखी एकदा विचारा. त्याचे वाक्य त्याचे त्याला पुरे करू द्या. दादाचे वाक्य फार लहान होते. मला वाचा असती, तर मी त्याच्याआधी एकच शब्द जोडला असता. "टाकीचं."