बत्तीस स्लाइड आणि एक घर

चिलोए बेटावर घर हलवायचं म्हणजे शेजाऱ्यांनी बैल जुंपून ते अख्खंच्या अख्खं ओढून न्यायचं. आबेलिनोचं घर टेकडीवर इतकं एकटं होतं, की वारासुद्धा तिथे पोचेपर्यंत थकून उंबऱ्यावर बसायचा. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून त्याला ते खाली वस्तीत आणायचं होतं. त्यानं पुतणीकडून बत्तीस स्लाइड करून घेतल्या आणि मेंढ्यांसमोर एवढी तालीम केली, की एक म्हातारी मेंढी पुढची स्लाइड आधीच ओळखायची.

रविवारी चर्चच्या दालनात सगळे जमले. उतार, ओंडके, बैलजोड्या, सगळं भिंतीवर झळकलं. टाळ्याही पडल्या. पण बैल द्यायला एकही हात वर झाला नाही.

"चित्रं झकास होती रे," क्लोरिन्दा म्हातारी म्हणाली. "पण दारात कधी आलास? घर ओढायचं तर घरोघरी जाऊन विनवायचं असतं."

"आत्ता विनवलंच की, मावशी!"

"भिंतीला विनवलंस, मेल्या. आम्ही नुसती तुझी पाठ बघितली."

हशा पिकला आणि माणसं आपापल्या घरी पांगली.

आबेलिनो क्लोरिन्दाच्या दाराशी गेला. त्यानं कडी वाजवली.

"कोण?"

चार वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी, आबेलिनो. वर फार एकटं वाटतं, मावशी."

दार उघडलं. "माझी जोडी घे," ती म्हणाली. "आता पुढच्या दारी जा. अजून एकवीस आहेत."