छबूबाईंनी कानाने निवडलेला संगणक

मित्रांनो, माझ्या अंगाला कान लावा बरं. काही ऐकू आलं? नाही ना! तरी मी चालू आहे. मी एक जुना, छोटा संगणक आहे, पोळ्यांच्या डब्यात मावेन एवढाच. माझ्या पोटात गरगरणारा पंखा नाही, म्हणून आवाज नाही. माझी पाठ धातूची आहे, पन्हळी पत्र्यासारखी. पोटातली ऊब तिच्यातूनच हवेत जाते.

माझी पहिली नोकरी नगरच्या एका दवाखान्यात. भिंतीवरच्या टीव्हीमागे मला स्क्रूने आवळलं होतं. पेशंटचे नंबर दाखवायचे, बस्स. सहा वर्षांत एक नंबर चुकला नाही की एक दिवस रजा नाही. शाबासकी मात्र टीव्हीला मिळायची! मग नवीन यंत्र आलं आणि मी गोरक्षच्या जुन्या संगणकांच्या दुकानात फळीवर येऊन पडलो. आठ महिने नुसती धूळ खाल्ली. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटायचं.

एके दिवशी पूजा नावाची मुलगी दुकानात आली. सोबत तिची आजी, छबूबाई. काचबिंदूने आजींची नजर गेलेली, पण सिनेमाची आवड जबर. त्यांच्या वस्तीवर इंटरनेट धड चालत नाही, म्हणून पूजाने एका डिस्कवर कितीतरी जुने सिनेमे साठवून ठेवले होते. घरातल्या थोरल्या संगणकावर ते लावायचे. पण तो मेला असा घरघरायचा, की हळू बोललेलं आजींना ऐकूच यायचं नाही. आवाज वाढवावा तर गाण्यांनी कानठळ्या बसायच्या. "काय म्हनली ती? काय म्हनला त्यो?" असं विचारून विचारून आजीच ओशाळायच्या. शेवटी "मला न्हाई सिनेमा बघायचा," म्हणून त्या आतल्या खोलीत जाऊन पडायला लागल्या. बाहेर सगळे हसायचे आणि आजी भिंतीकडे तोंड करून. पूजाला ते बघवेना.

गोरक्षने आधी एक लालनिळे दिवे लागणारा धिप्पाड संगणक पुढे केला. "हा घ्या आजी. ह्याच्यावर गेमसुद्धा पळत्यात."

"मला कुठं पळायचंय बाबा? मला बसून ऐकायचंय," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी सरळ त्याला कान लावला. "ह्यो तर घोरतोय."

दुसऱ्याला कान लावला. "ह्याला दमा हाय."

तिसरा, चौथा, सगळे नापास. गोरक्ष बिचारा घामाघूम झाला. मग त्याने मला फळीवरून काढलं, फडक्याने पुसलं आणि वायर जोडली.

"आता चालू कर की," आजी म्हणाल्या.

"आजी, चालूच हाय."

आजींनी मलाही कान लावला, बराच वेळ लावला. "हां! ह्योच माझा!" असं त्या म्हणाल्या आणि मला भरून आलं. सहा वर्षांत जी गोष्ट कुणी पाहिली नव्हती, ती या नजर गेलेल्या बाईने ओळखली. गोरक्ष म्हणाला, "आठ दिवस वापरून बघा. पटला न्हाई तर परत आना."

घरी मला टीव्हीखालच्या कप्प्यात बसवलं. आजी पुढ्यात मांडी घालून बसल्या आणि त्यांनी पहिला सिनेमा शेवटपर्यंत ऐकला. पण पूजाचे वडील, सहादेवराव, त्यांना काही मी पटेना. ते पडले शेतकरी. विहिरीवरची मोटर चालू आहे की बंद, हे अंगणातून आवाजावर ओळखणारे. आवाज नाही म्हणजे यंत्र बंद, असा त्यांचा हिशेब! "अगं, हे चालूच न्हाई," म्हणत ते माझं बटण दाबायचे आणि मी चालू असलेला खरोखरच बंद व्हायचो. पूजा कपाळावर हात मारायची.

तिसऱ्या दिवशी आजींनी मला एक झाकण विणलं. लाल लोकरीचं, बोटांनी टाके चाचपत विणलेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी कपडा विणला होता! मी हरखलो. पण दिवस एप्रिलचे, जागा बंद कप्प्यातली आणि वर लोकर. पाठीतून ऊब जाणार कुठे? ऐन रंगात आलेल्या सिनेमात मी बंद पडायला लागलो. एकदा, दोनदा, रोजच. ओरडून सांगावं तर मला आवाज कुठला?

सातव्या संध्याकाळी सहादेवराव चिडले. "मुकं ते मुकं, वर बंद पडतंय. उद्याच देतो परत. आपला थोरला डबाच बरा." त्यांनी वायर उपटली आणि पिशवी आणली.

"मंग मी आपली आत जाते," आजी हळूच म्हणाल्या. "माझं झाकन तेवढं काढून घेते."

त्यांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "आगं बया! पूजे, ह्यो तर तापानं फनफनलाय!" मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "आरं सहादेवा, भर उन्हाळ्यात मीच ह्याला लोकरीत गुंडाळलाय रं."

झाकण ओढून काढलं. पूजाने मला कप्प्यातून उघड्यावर आणलं. मी निवलो, तशी तिने वायर जोडली. सहादेवरावांनी नेहमीसारखं विचारलं, "आवाज कुठंय?" आजींनी लेकाचा हात धरून माझ्या पाठीवर ठेवला. "हितं बघ, ऊब हाय. आवाज न्हाई म्हंजी मेलं का?" सहादेवरावांनी पिशवी घडी करून ठेवली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना मायेने झाकू नका, आमच्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. आणि घरातलं एखादं माणूस "मला नाही बघायचं" म्हणून आत जात असेल, तर त्याला ऐकू येतंय का, हे आधी विचारा.

त्या संध्याकाळी सिनेमा शेवटाला आला. पडद्यावरची आई दारात उभी राहून मुलाशी अगदी हळू बोलू लागली. तेवढ्यात खोलीत कुडुम कुडुम सुरू झालं.

"सहादेवा," आजी म्हणाल्या, "चिवडा ठेव खाली. आता घरात तुझ्याच तोंडाचा आवाज हाय."

सहादेवरावांनी बशी खाली ठेवली. मग सगळ्यांना ऐकू आलं.