बिनमुंडक्याचा सिंह

पवित्र आठवड्यातला मंगळवार. उद्या भट्टी पेटवायची म्हणून सिन्फोरियानो तिच्या तोंडापाशी साचलेली राख उपसत होता, तर खोऱ्याला तांब्याचं जुनं नाणं लागलं. झालं! एवढं निमित्त त्याला पुरलं. बायकोने, रुफिनाने, सांगितलेलं काम तिथेच टाकून तो कासियानोला बोलावून घेऊन आला.

कासियानो म्हणजे त्यांच्या मुलीचा, निदियाचा, धर्मपिता; त्या नात्याने तो रुफिनाचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. मोठ्या लढाईत पळता पळता लोकांनी पुरलेलं सोनं शोधण्यात त्याची हयात गेली. अख्ख्या गावाची परसं उकरून हाती लागली ती गांडुळं.

त्याने नाणं विजारीला पुसलं. एका अंगाला पानांची माळ आणि आकडा. दुसऱ्या अंगाला पुढचे पाय रोवून बसलेलं जनावर, पाठीशी काठी, काठीवर टोपी. जनावराला मुंडकं नव्हतं.

"कोमाद्रे," तो रुफिनाला हळूच म्हणाला, "पांढरं कुत्रं."

पुरलेल्या धनावर बिनमुंडक्याचं पांढरं कुत्रं राखणीला बसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कुत्रं कसलं, सिंह आहे तो," रुफिना म्हणाली. "आजोबांच्या वेळच्या नाण्यांवर असायचा. मुंडकं शाबूत असतं तर राजधानीतल्या शौकिनांनी उड्या टाकल्या असत्या, फार थोडी उरलीत म्हणे. शंभर खिशांत घासून त्याचं डोकं झिजलं. तुम्हा दोघांचं कशाने झिजलं, ते देव जाणे."

"मग सिंहाला टोपी कशाला?"

"उन्हाची. तुझ्यासारखा बोडक्याने हिंडला असता तर त्यालाही कुत्री दिसली असती."

कासियानोने टोमणा गिळला आणि भट्टीभोवती एक फेरी मारली. "धन हिच्याच खाली आहे. पाडावी लागेल."

आता मात्र रुफिना भट्टीच्या आड येऊन उभी राहिली. भट्टी तिच्या आईने स्वतःच्या हातांनी लिंपलेली. आणि उद्या निदिया येणार होती, ब्युनोस आयर्सहून, परक्या घरच्या नोकरीतून, कितीतरी वर्षांनी. फोनवर पोरीने एवढंच मागितलं होतं, की आई, सणाचा पाव, चिपा, आपल्या भट्टीतलाच हवा.

"हात तर लावून बघा," ती म्हणाली. "पोरीला काय वाढू, तुमचं कुत्रं?"

"तिच्यासाठीच म्हणतोय गं," सिन्फोरियानो खाली बघत म्हणाला. "सोनं लागलं तर तिला परत जावं लागणार नाही."

रुफिनाने पडलेलं खोरं उचलून भिंतीला टेकवलं. "आधी तिच्या तोंडात चिपा पडू दे," ती पुटपुटली. तो लाकडं आणायला गेला.

निदिया आली ती बाह्या वर सारूनच. मांडीओका कंदाचं पीठ, चीज, चरबी, बडीशेप; मळता मळता कोपरापर्यंत हात भरले. केळीच्या पानावरचा पहिला चिपा तिने बोटं भाजत खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. मग नाणं बघितलं.

"धर्मबाबा, हे तर हुबेहूब तुम्ही! नुसतंच बसलंय."

कासियानो सगळ्यांत मोठ्याने हसला. सणाचे दिवस असे भुर्रकन गेले.

सोमवारी निदियाने बॅग भरायला घेतली. रुफिना उरलेले चिपे फडक्यात बांधत होती.

"तिथलं बाळ आता मलाच आई म्हणायला लागलंय," निदिया हसत म्हणाली. "मालकीण रागावते." आणि ते हसू तिच्याच्याने पुरं झालं नाही. ती पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली.

रुफिनाने गाठोडं खाली ठेवलं. डोक्याला रुमाल बांधला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि परसात आली. आंब्याखाली दोघे पुरुष शिंगाच्या पेल्यातला गार माते, पाल्याचा चहा, आळीपाळीने ओढत बसले होते.

"कोंपाद्रे, कुत्रं नक्की इथेच बसतं ना?"

कासियानोने पहारीकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. त्याचा चेहरा उतरला. "रुफिना, अगं… तो सिंहच असेल. तूच तर म्हणालीस."

"माझं काय ऐकतोस? मला काय कळतं त्यातलं?"

"तुझ्या आईची भट्टी आहे ती," सिन्फोरियानो उठत म्हणाला.

"आणि आत बॅग भरतेय ती माझी पोरगी आहे."

तिने भट्टीच्या तोंडावर पहिला घाव घातला. बस संध्याकाळची होती.