मगरीच्या घरट्यावरची काहील

“हात आत घ्या गं पोरींनो, कड धरू नका.”

केरबाचा हा आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. वारा कडेवरून गेला की मी आपोआप गुणगुणते आणि काठावरच्या बाया पदर सावरून भरभर चालू लागतात. म्हणतात, “केरबा हाका मारतोय.”

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. कराडच्या लोहारांनी जाड पत्रे जोडून मला घडवलं आणि सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळावर मी आले. चुलाणावर बसायचं आणि पोटात उसाचा रस उकळायचा, हे माझं काम. पहिला गूळ देवापुढे जाई, मग पोरांच्या हातावर येई. सणाला माझ्या कडेला हळदकुंकू लागे. पुढे ऊस साखर कारखान्याकडे वळला, चुलाण विझलं आणि त्यात जाळ घालणाऱ्या केरबानं मला नदीवर नेलं.

आमच्याकडे पूल लांब. माणसं माझ्यात बसायची आणि केरबा एका हातानं माझी कड धरून, पोहत पोहत मला पैलतीराला लोटायचा. सगळ्यांना हात आत घ्यायला सांगणारा तो स्वतः मात्र गळ्यापर्यंत पाण्यात असे. एका दुपारी तीर अगदी जवळ आलेला असताना खालून मला काहीतरी खरखरीत घासून गेलं. कडेवरची बोटं घट्ट आवळली. मग सुटली. बाया किंचाळल्या. मी तिथंच गोल गोल फिरत राहिले.

त्यानंतर माझ्यात कुणी पाय ठेवला नाही. एका बाभळीला टेकवून मला सोडून दिलं. केरबाची बायको रंगूबाई नदीवर यायचीच बंद झाली. मी गंजले. पण जिथं त्याची बोटं होती, तेवढी जागा मला भर थंडीतही ऊन लागते. हे कुणाला सांगायचं?

शहात्तरच्या उन्हाळ्यात सोपान आला. सांगलीच्या कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकत होता. वन्य प्राण्यांसाठी झटणाऱ्या एका संस्थेनं विद्यार्थ्यांना संशोधनासाठी छोटी छोटी अनुदानं दिली होती. त्यातून त्याचं एसटीचं भाडं निघालं, एक तापमापक आला, एक मोजायची टेप आली. कृष्णेतल्या मगरी उरतील की संपतील, हे त्याला शोधायचं होतं. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, वाळूत, त्याला मगरीनं पुरलेली अंडी सापडली. त्यातून पिल्लं निघाली, तर पुढच्या वर्षी घरटी राखायला संस्था आणखी मदत करणार होती.

काठावरच्या पाण्याच्या पंपावर बसलेले गावचे शेतकरी लालासाहेब हसले. “अंडी मोजायला पैसं देत्यात व्हय रं? मग माझ्या कोंबड्यांची मोज की! वर च्या पाजतो.” मग हसू गिळून म्हणाले, “ह्या नदीनं आमचा माणूस खाल्लाय. रंगूवहिनी म्हणतील तसं हुईल. त्या घरटं खणा म्हणाल्या, की आमी खणणार.”

सोपान रंगूबाईकडे गेला. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यामागून काठावर आली. इतक्या वर्षांनी तिची पावलं वाळूवर ऐकून माझा पत्रा शहारला.

“आमचं धनी खाल्लं तिनं,” ती म्हणाली, “आन् तू तिची पोरं राखतूस?”

“व्हय, मावशी. तिनंच का दुसऱ्या कुणी, मला ठावं न्हाई. पर ह्या अंड्यातल्यांनी तर न्हाई ना?”

रंगूबाई वळली. माझ्याजवळ आली. नेमका तिथंच, त्या ऊन जागेवर तिचा हात टेकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

“कुत्री उकरतील,” ती शेवटी म्हणाली. “ही काहील पालथी घाल वर.”

गावातल्या चौघांनी मिळून मला घरट्यावर पालथी घातली. पालथी होते तोवर माझं गुणगुणणं थांबलं. पोटाखाली अंधार आणि त्या अंधारात कुणाची तरी मुकी वाट पाहणं.

पण दोन दिवसांतच ऊन चढलं आणि सोपानचा हात मला लागून पोळला. त्यानं वाळूत तापमापक खुपसला. त्याचा चेहरा उतरला. “चुकलं, मावशी! ही तापली तर अंडी शिजतील. काढावी तर कुत्री हायत.”

मित्रांनो, मी जन्मले तीच मुळी उकळण्यासाठी. पण त्या दिवशी मला माझ्याच लोखंडाची भीती वाटली. खाली इवले जीव आणि वर मी, चुलाणासारखी.

“वल्लं गोणपाट टाकू,” रंगूबाई म्हणाली. “वैशाखात महादेवाच्या पिंडीवर पाणी धरतोच की आपण. तसंच हे.”

सोपानची परीक्षा आली. जाताना त्यानं माझ्या कडेखाली एक लांब वासा अडकवला आणि जवळ एक ओंडका ठेवला. “मावशी, खालनं पिल्लांचा आवाज आला, की वासा दाबून कड उचलायची, ओंडका सारायचा आन् लांब पळायचं. आवाज ऐकून आई येती. तीच उकरून काढती त्यास्नी. उशीर झाला तर आत गुदमरत्यात.”

“आई म्हंजे... तीच?”

“व्हय.”

रंगूबाईनं नदीकडे पाहिलं. “जा तू. मी हाय.”

मग ती रोज येऊ लागली. उपास असो, ताप असो, दोन कळशा माझ्यावर. पाणी ओतताना तिचे ओठ हलत. नाव देवाचं होतं की केरबाचं, मला कळलं नाही. मित्रांनो, गंजलेल्या वस्तूचं एवढंच मागणं आहे. ज्याची भीती वाटते, त्यालाही तुमच्या हातचं थोडं पाणी मिळू द्या. माया नाही आली तरी चालेल, राखण करा.

आणि एका दुपारी माझ्या पोटाखाली आवाज झाला. बारीक, घोगरा, हाक मारल्यासारखा. एक, मग दुसरा, मग कितीतरी.

रंगूबाईनं गोणपाटाला कान लावला. त्याच वेळी समोर पाण्यावर दोन डोळे वर आले आणि हळूहळू काठाकडे सरकू लागले. पंपावर लालासाहेब होते. एक हाक मारली असती, तर खोरी घेऊन माणसं धावली असती.

तिनं हाक मारली नाही. कळशी वाळूत टेकवली, पदर कमरेला खोचला आणि नदीवरची नजर न काढता ती वाशाकडे चालू लागली.