अक्कांनी शेवटचं प्यादं का सोडलं

तुम्ही खोटं बोलताय. आधी म्हणालात, ही बाई मुद्दाम हरते. मग म्हणालात, ही बाई लबाडी करून जिंकते. दोन्ही निरोपांखाली माणसाचं नाव नाही. नुसतं ‘निकोप खेळ विभाग’.

ती बाई माझी सासू. धुरपदाबाई. माहेर साक्रीकडचं, सासर जळगावात मेहरूणला. आम्ही सगळे अक्का म्हणतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अक्का खाटेवर पडल्या आणि घरातल्या प्रत्येकाच्या चुका काढू लागल्या. वैतागून मीच त्यांच्या फोनवर तुमचा बुद्धिबळाचा खेळ घालून दिला. लहानपणी वडिलांनी शिकवलंय, एवढं कधीतरी बोलण्यात आलं होतं.

पहिल्याच दिवशी हाक आली. “भूमिका, तुना खेळ खोटा शे व! राजाले घोडानी उडी मारू देस नही.”

“राजा कुठं उडी मारतो, अक्का?”

“एकदाव मारस. मना बापनी शिकाडं.”

त्यांच्या वडिलांचा खेळ देशी. राजाला शह लागायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी घेता येते, प्यादं कायम एकच घर चालतं. तुमच्या खेळात राजा आणि हत्ती एका चालीत जागा बदलतात हे पाहून तर त्या उठूनच बसल्या. “हाई चालस, अन् मनी उडी खोटी?”

पण शिकल्या. महिन्याभरात पाच मिनिटांचे डाव खेळायला लागल्या. पाच मिनिटं यांना, पाच मिनिटं समोरच्याला, ज्याची वेळ संपली तो गेला. आणि अक्का हरायच्या. कच्च्या होत्या म्हणून नव्हे. समोरच्याची पार धूळधाण करायच्या आणि मग हरायच्या. मला कळेना. सगळं हातात आलेलं असताना हे होतं कसं?

तेवढ्यात तुमची ताकीद आली. जिंकलेले डाव मुद्दाम घालवता, गुण खाली ठेवून कच्च्या खेळाडूंना गाठता. मी मराठीत सांगितलं तशा अक्का हसत सुटल्या. “हारीसन माले काय भेटस?”

तुम्ही विचारलं नाहीत. मी विचारलं. खाटेला खेटून बसले आणि डाव बघितला. समोरच्याकडं राजा आणि एक प्यादं. अक्कांकडं वजीर, दोन्ही हत्ती. प्यादं कुणीही खाल्लं असतं. अक्का त्याच्याभोवती फिरत राहिल्या. वेळ संपली. हार.

“अक्का, ते प्यादं का नाही खाल्लं?”

शेजारणीच्या दोरीवरचं लुगडं का नाही उचललं असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. “शेवटलं प्यादं खावानं नही. बुर्जी व्हस.”

समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी. देशी खेळात ती अर्धी बाजी. पुरं जिंकायचं तर त्याच्याकडं एखादं मोहरं राहू द्यायचं आणि मग मात करायची. पन्नास वर्षांपूर्वी वडिलांनी शिकवलेलं तेच अक्कांच्या बोटांत बसलं होतं.

मी तुमचे नियम काढून वाचले. तिथं नेमकं उलटं. आपली वेळ संपली आणि समोरच्याचा एकटाच राजा असेल, तर डाव बरोबरीत. त्याच्याकडं एक प्यादं जरी असलं, तर आपण हरलो. म्हणजे अक्का ज्या प्याद्याला जपत होत्या, तेच त्यांना हरवत होतं.

हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “नियम कोनी बदला?” मला काय माहीत! तुम्हाला माहीत असेल.

कळलं म्हणून लगेच जमलं नाही. मी पटावर राजा आणि प्यादं मांडायची, म्हणायची खा. “मनं बोट थांबी जास, व माय.” पुन्हा मांडायची. शेवटी एके दिवशी डोळे मिटून खाल्लं. मग डोळे उघडून. मग मजेनं.

प्यादं जपण्यात जाणारा वेळ आता मात करायला मिळाला, मग गुण वाढणारच. जे डाव जिंकून घालवत होत्या, ते आता जिंकून जिंकायला लागल्या. यात कसली जादू?

जळगाव विरुद्ध धुळे असा हौशी लोकांचा सामना या रविवारी तुमच्याच साइटवर आहे. आमच्या संघाचा कप्तान तेजस. निवडीसाठी तो स्वतः अक्कांशी खेळला. अक्का वरचढ, पण घड्याळ संपत आलेलं. शेवटच्या सेकंदाला त्यांनी त्याचं उरलेलं एकुलतं प्यादं खाल्लं आणि वेळ संपली. बरोबरी.

तेजसचा फोन आला. “अक्का, ते राहू दिलं असतं तर मी जिंकलो असतो ना!”

“म्हनूनच खादं, भाऊ.”

शेवटच्या पटावर जागा मिळाली. धुळ्याकडून समोर त्यांचा धाकटा भाऊ, तोताराममामा. लग्नानंतर भावाबहिणीचा एकही डाव झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही खातं बंद केलंत. गुण फार लवकर वाढले, बाहेरची मदत घेतली, म्हणजे चाली सांगणारं इंजिन वापरलं. मी दाद मागितली, तर मिनिटाच्या आत नकार. मिनिटात कोणी किती डाव बघितले? तेजस म्हणतो, शनिवारपर्यंत थांबतो, मग दुसरा खेळाडू घ्यावा लागेल. बातमी धुळ्यालाही पोचली, आणि तिकडून मामांचा फोन. “काय व अक्का, इंजिन लावं का?”

“हा, लावं. तुना बापनंच शे!” असं म्हणून त्यांनी फोन आपटला. तेव्हापासून त्या पटाला हात लावत नाहीत. विचारलं की म्हणतात, गुडघा दुखतोय. गुडघा बरा झालाय, मला माहीत आहे.

अक्कांचे सगळे डाव तुमच्याकडं आहेत. हरलेलेही. उघडा. कोणत्या डावात, कोणत्या चालीला त्यांना कोणी मदत केली, ती चाल दाखवा. एक तरी. नाही सापडली तर शनिवारच्या आत खातं उघडा. यंत्राचं उत्तर नको, खाली नाव असलेल्या माणसाचं पाहिजे. चाल दाखवताय, की खातं उघडताय?