हनोखजींच्या खाटेखालची मगर

"मगर! खाटेखाली मगर आहे!" अंधाऱ्या खोलीतून हनोखजी नागावकर ओरडले आणि दाराकडे कान लावून बसले.

वऱ्हांड्यात बादली टेकली. शेजारच्या शेवंताबाई आत आल्या, त्यांनी बटण दाबलं आणि वाकून खाटेखाली पाहिलं.

"गेली वाटते नर्मदेत. चपला तेवढ्या ठेवून गेली."

मग नेहमीसारख्या त्या बल्बखाली गोधडी शिवायला बसल्या.

शुक्रवारी सूर्य मावळला की हनोखजींचा शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागे. मग बटण दाबणं वर्ज्य, दुसऱ्याला दाबायला सांगणंही वर्ज्य. पत्नी मिल्काबाई होत्या तोवर त्या दिवसाउजेडीच बल्ब लावून ठेवायच्या. त्या गेल्यावर एका शुक्रवारी हनोखजी विसरले, आणि पायाशी खरोखर काहीतरी सळसळलं म्हणून 'साप' म्हणून ओरडले. शेवंताबाईंनी घाबरून दिवा लावला आणि घटकाभर बोलत बसल्या. पुढच्या शुक्रवारी हनोखजी मुद्दाम विसरले. सापानंतर विंचू झाले, पनागरच्या रानातून बिबट्या आला, आज मगर.

त्यांनी वही उघडली. तालमुद या यहुदी धर्मग्रंथातली शब्बाथची चर्चा वडिलांनी त्यात मराठीत उतरवली होती. नेमकं तेच पान निघालं. परक्यानं स्वतःसाठी दिवा लावला, तर यहुद्यानं त्या उजेडात खुशाल बसावं. यहुद्यासाठी लावला, तर त्या उजेडाचा लाभ घेऊ नये.

'परक्या' या शब्दावर त्यांची नजर अडली. राज्यं वेगळी झाली तेव्हा नर्मदेजवळच्या या शहरातल्या नेपियर टाउनातली निम्मी ओळखीची मराठी घरं नागपूरला गेली. वऱ्हांड्यात मराठी बोलणारी आता ही एकटीच.

"शेवंताबाई, खरं सांगा. साप आहे असं वाटायचं तुम्हाला?"

"पहिल्या खेपेला."

"आणि नंतर?"

"काका, सापाची काय दर शुक्रवारी ड्युटी लागते?"

हनोखजींचा चेहरा उतरला.

"मला वाटायचं, तुम्ही स्वतःच्या भीतीपोटी दिवा लावता; तुम्हाला फसवतोय याचंच वाईट वाटायचं. म्हणजे तुम्ही दोन वर्षं माझ्यासाठी दिवा लावत होतात! हा उजेड मला चालतच नव्हता." त्यांनी वही मिटली. "पुढच्या शुक्रवारी मीच आधी लावून ठेवीन. तुम्हाला यावं लागणार नाही."

शेवंताबाईंचा हात थांबला. मग त्या गोधडीवर जास्तच वाकल्या.

"तुमच्यासाठी काहून लावीन बापा? आमच्या घरचा बल्ब मिणमिणता, टाका दिसत नाही. मी आपल्या शिवणासाठी लावून राहिली. तुमची मगर गेली खड्ड्यात."

"खरंच?"

"अच्छा, आता मी खोटं बोलीन काय?"

हनोखजींनी वही पुन्हा उघडली. दोन ओळी झाल्यावर सहज वर पाहिलं. सुई भराभर कापडात शिरत होती, बाहेर पडत होती. तिच्यात दोरा नव्हता.

त्यांनी चष्मा काढून उशीखाली सारला, डोळे मिटून घेतले आणि तेच पान, उजेडाविना, आठवून आठवून मोठ्यानं म्हणू लागले.

शेवंताबाईंनी बिनदोऱ्याचा आणखी एक टाका घातला.