हॅल्टनबीच्या वळणावरची काठी

मी काठी बोलतेय. म्हाताऱ्याच्या आधाराची नाही, गुरं हाकायचीही नाही. माझ्या डोक्यावर परातीएवढी गोल पिवळी पाटी आहे आणि तिच्यावर काळ्या अक्षरांत लिहिलंय, ‘थांबा, मुलं’. मी रस्त्यात उभी राहिले की दूधगाडीपासून बसपर्यंत सगळ्यांना थांबावंच लागतं. इथला कायदा तसा आहे. पोरं मला लॉलीपॉप म्हणतात. मला ते फारसं आवडत नाही. चोखून संपणारी वस्तू मी नाही.

कारखान्यातून मी थेट कौन्सिलच्या गोदामात आले. शाळा, रस्ते, कचरा, सगळं कौन्सिलच बघतं. तिथे वर्षभर मी तुटक्या दिव्यांशेजारी पडून होते. मग ग्लेनिस आउथवेट आली. आधी ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची. घोट्यापर्यंतचा पिवळा कोट तिने अंगावर चढवला, मला उचलून पाहिलं आणि म्हणाली, “जड आहेस. बरं आहे. हलकी माणसं मला जमत नाहीत.”

त्याला आता सतरा वर्षं झाली.

आमची जागा हॅल्टनबी गावात, डोंगराकडून येणाऱ्या वळणावर. वरच्या खाणीतले दगडांचे ट्रक तिथून उतरतात आणि वळण संपेपर्यंत त्यांना शाळेकडे जाणारी मुलं दिसत नाहीत. ग्लेनिस आधी मुलं गोळा होऊ देते, मग मला घेऊन मधोमध जाते, मला जमिनीवर टेकवते आणि दुसरा हात पसरते. सगळी पार झाल्याशिवाय आम्ही दोघी हलत नाही. सहा वर्षांचा विल्फ्रेड सगळ्यात शेवटी असतो. तो गाडी येतेय का ते बघत नाही, ट्रकची चाकं मोजत बसतो.

ड्रायव्हर कुरकुरतात. पावाच्या गाडीवाला तर रोज काच खाली करतो.

“काय आजी, आज किती वेळ?”

“तुझं लग्न ठरेपर्यंत.”

“मग मी इथेच म्हातारा होणार.”

“हो, पण माझ्या काठीच्या मागे.”

यंदा मार्चमध्ये कौन्सिलचं पत्र आलं. आमच्या वळणावर मोजणी झाली होती. अर्ध्या तासात किती मुलं आणि किती गाड्या, यावरून कुठे काठी ठेवायची ते ठरतं. आमच्याकडे मुलं निघाली तीन. म्हणून ईस्टरच्या सुट्टीपासून काठी बंद.

मुख्याध्यापिका रडकिनबाईंनी पत्र दोनदा वाचलं. “ग्लेनिस, तारीख बघ. सोमवार. त्या दिवशी आपल्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शाळेला कुलूप होतं.”

“म्हणजे ती तीन पोरं कोण?”

“दूध आणायला निघाली असतील.”

बाईंनी लगेच कळवलं. उत्तर आठवड्यात आलं. प्रशिक्षणाचा दिवस प्रत्येक शाळा आपापला ठरवते. कौन्सिलच्या दिनदर्शिकेप्रमाणे त्या सोमवारी शाळा उघडी होती. मोजणी नियमानुसार झाली आहे. पुढची तीन वर्षांनी.

ग्लेनिसने ते उत्तर घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी तिने मला जरा जास्तच जोरात टेकवलं. मला राग आला नाही. मलाही तेच करायचं होतं.

सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या सकाळी कौन्सिलचे पेनफोल्डसाहेब आले. मोजणी करणारे तेच, सामान परत न्यायला आलेलेही तेच. खात्यात माणसं कमी आहेत म्हणे. उंच, अवघडलेला माणूस, हातात पावतीपुस्तक.

“कोट आणि काठी, मिसेस आउथवेट. माफ करा हं.”

“त्या सोमवारी शाळेचं फाटक बंद होतं. दिसलं नाही?”

“दिसलं.” ते खाली बघत म्हणाले. “पण तक्त्यात फाटकाचा रकाना नाही.”

ग्लेनिस पुढे झाली. तिने मला त्यांच्या हातात दिलं. पावणेनऊ होत होते आणि फुटपाथ मुलांनी भरला होता.

“आता तुमच्याकडे आहे,” ती म्हणाली. “तर न्या त्यांना पलीकडे.”

ते थबकले. विल्फ्रेडने त्यांची बाही ओढली. “तुम्ही नवीन आहात ना? मधे उभं राहायचं. कडेला नाही.”

पेनफोल्डसाहेब माझ्यासह रस्त्यात उतरले. ग्लेनिस त्यांच्या पाठीशीच होती. मुलं निघाली आणि वळणावरून ट्रक आला, दगडांनी भरलेला. त्यांनी मला मागे खेचलं असतं, पण मी जमिनीला टेकले होते आणि मला हलायचं नव्हतं. ब्रेक फुसफुसले. ट्रक हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरचं तोंड पांढरं पडलं होतं. विल्फ्रेड आमच्यासमोरून सावकाश गेला आणि म्हणाला, “दहा चाकं.”

सगळी पार झाल्यावर साहेब फुटपाथवर आले. बराच वेळ त्यांना पेन सापडेना.

“एकशे एकेचाळीस,” ते म्हणाले.

“मोजलीत?”

“सवय आहे.” त्यांनी मला ग्लेनिसकडे परत दिलं. “मोजणी चुकली होती, हे आज वर कळवतो. माझ्याच नावानं. ऐकतील की नाही, सांगता येत नाही. आणि पावतीवर लिहितो, काठी मिळाली नाही.”

“तसं नका लिहू,” ग्लेनिस म्हणाली. “काठी दिली नाही, असं लिहा. खाली माझी सही घ्या.”

त्यांनी तसंच लिहिलं.

सुट्टी संपली. निर्णय अजून आलेला नाही. आदेशाप्रमाणे मी गोदामात असायला हवी, पण मी रोज सकाळी वळणावर आहे. पाटीची कड थोडी चेपलीय, अक्षरं स्पष्ट आहेत. उद्या मला न्यायला कोणी आलंच, तर त्यांनी पावणेनऊलाच यावं. आणि तुम्ही तिकडून गाडी घेऊन येत असाल, तर वळणाआधी वेग कमी करा. आम्ही बाजूला होणार नाही.